हंड्यात तरंगणारी तेलाची बाटली

लग्न होऊन मी कुंभकोणला आले तेव्हा मला दोन गोष्टींचा भारी ताठा होता. एक म्हणजे माझं शास्त्राचं ज्ञान आणि दुसरा हनुवटीवरचा तीळ. दोन्हींच्या बाबतीत मी किती पाण्यात आहे ते कळायला मार्गळीचा, म्हणजे धनुर्मासाचा, महिना उजाडावा लागला.

शास्त्राचं म्हणाल तर ते वडिलांकडून आलेलं. ते तंजावरला शाळेत शिकवायचे आणि शाळेत जे उरेल ते घरी येऊन आम्हाला शिकवायचे. एकदा त्यांना खाऱ्या पाण्याची गंमत दाखवायची होती. शाळेत त्यासाठी अंडं वापरत, पण आमच्या घरात अंडं आणलं असतं तर आईनं वडिलांनाच पाण्यात तरंगवलं असतं. म्हणून त्यांनी बटाटा घेतला. साध्या पाण्यात बटाटा बुडाला. मग त्यांनी मुठी-मुठीनं मीठ ढवळलं, आणि बटाटा डुलत डुलत वर आला! "खारं पाणी जड," वडील म्हणाले, "जड पाणी वस्तूला वर ढकलतं." त्या दिवसापासून मी स्वतःला शास्त्रज्ञ समजू लागले. एका बटाट्यावर!

आता सासरचं स्वयंपाकघर. आम्ही तंजावरकडचे मराठी ब्राह्मण, बाहेर तमिळ बोलणारे आणि घरात पणजोबांच्या काळातलं मराठी. पण सोवळं मात्र कुठल्याच काळातलं नव्हे, अगदी त्रिकाल कडक. पहाटे कावेरीवर न्हायचं, ओलेत्यानं पाणी आणायचं, ते पितळेच्या मोठ्या हंड्यात भरायचं. त्या हंड्यातल्या पाण्यानं देवाची आंघोळ आणि त्याच पाण्यानं स्वयंपाक. त्याला तोंड कुणी लावायचं नाही. प्यायचं पाणी वेगळं, कॉफीचं त्याहून वेगळं, कारण कॉफीला सोवळ्याच्या उंबऱ्याआत प्रवेश नव्हता. (ती मागच्या दारी उकळायची आणि घरातले सगळे सोवळेकरी तिच्यासाठी मागच्या दारी जायचे.) आणि सगळ्यात मोठा नियम असा की देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत कुठल्याही पदार्थाची चव घ्यायची नाही. मीठ घालायचं ते हाताच्या अंदाजानं.

माझा अंदाज माहेरी कधी चुकला नव्हता. सासरी मात्र माझं सार रोज खारट होऊ लागलं. भात, भाजी कुणाच्या लक्षात येत नसे. भात बिचारा सोसून घेणारा. पण सार भुरकलं की पंगतीत एकेक भुवई वर चढायची. सासरे काही न बोलता ताक मागायचे. सासूबाई बोलायच्या.

"अगं, गोऱ्या सरकारनं मिठावर एवढा कर बसवलाय, आणि तू आमच्या घरात मिठागर उघडलंयस का?"

मी मीठ कमी केलं. तरी खारट. आणखी कमी केलं. एक दिवस चांगलं झालं, दुसऱ्या दिवशी पुन्हा खारट. मला रडू यायचं, पण रडण्यातही भीती वाटायची, की तेही खारट पाणीच.

मग आठवला बटाटा. जिभेला बंदी आहे ना, मग जिभेवाचून चव घेणारं काहीतरी करायचं! बटाटा सोवळ्यात चालत नव्हता, विलायती भाजी. मला हवी होती एक छोटी बाटली. आणि बाटली होती 'यांच्या'कडे.

'हे' तेव्हा इथल्याच कॉलेजात शिकत होते. दिवसाउजेडी नवराबायकोनं बोलायची रीत नव्हती, म्हणून आम्ही मधल्या बोळात एकमेकांना धडकायचो. ती धडक तीन महिन्यांत इतकी सफाईची झाली होती, की बोळ अरुंद आहे असं सासरे सगळ्यांना सांगायचे.

"अहो, तुमची केसांच्या तेलाची बाटली द्या."

"तेल हवंय?"

"तेल नकोय. बाटलीच."

"मग तेलाचं काय करू?"

"डोक्याला लावा."

"सगळं?"

त्या माणसानं खरंच उरलेली अर्धी बाटली डोक्यावर ओतली आणि तसाच कॉलेजात गेला. कपाळावरून ओघळ, सदऱ्याची कॉलर चिंब. संध्याकाळी म्हणाला, "वर्गात माझ्या आसपास कुणी बसेना, पण माशा मात्र मन लावून शिकल्या." अशा माणसाला सोडून कुठंही जायचं माझ्या मनात नव्हतं, हे इथंच सांगून ठेवते.

बाटली मी चिंच आणि राखेनं घासली. आत कावेरीची बारीक रेती घातली, चिमूट-चिमूट, म्हणजे ती पाण्यात उभी राहील इतकी. बुचात झाडूची एक हीर खोचली, नारळाच्या पातीची, सरळ आणि बारीक. बुचाभोवती मेण. पाण्यात सोडली की बाटली सगळी पाण्याखाली आणि वर फक्त हिरेचं टोक उभं. पाणी जितकं खारं, तितकी हीर जास्त वर. मी तिच्याकडे बघून टाळ्या पिटल्या. एकटीच. देवघरासमोर.

आधी साराची खूण करायची होती. एके दिवशी सकाळी हंडा भरून झाल्यावर मी पुन्हा कावेरीच्या घाटावर जाऊन बसले. तांब्यात नदीचं पाणी घेतलं, बाटली सोडली, हीर जिथं पाण्याला टेकली तिथं नखानं खूण केली. ही कावेरीची खूण. मग त्यात साराला लागतं त्या मानानं मीठ विरघळवलं; हीर वर आली, तिथं दुसरी खूण. ही साराची. शेजारी धुणं धुणाऱ्या बायका बघत होत्या.

"काय करतेस गं, मराठी पोरी?" एकीनं तमिळमध्ये विचारलं.

"पाण्याची परीक्षा."

"पास झालं का?"

मी त्यांना खारं पाणी आणि जड पाणी याबद्दल व्याख्यान दिलं. एवढ्यावर थांबले नाही. वाटेत देवळाचं तळं लागलं. आमच्याकडे अंगावर चामखीळ आली की देवळाच्या तळ्यात मीठ आणि मिरी टाकायचा नवस असतो. मीठ पाण्यात विरघळतं तशी चामखीळ विरघळते, असं म्हणतात. तळ्याच्या पायऱ्यांवर मीठ-मिऱ्याच्या पुड्या विकायला बसलेली म्हातारी होती. मी तिच्या देखत तळ्यात बाटली सोडली. हीर जवळपास कावेरीच्या खुणेवरच उभी राहिली.

"बघा," मी म्हटलं, "एवढं मीठ टाकता, तळं खारट होत नाही. मग चामखीळ कशी जाईल? अडाणीपणा सगळा!"

म्हातारीनं माझ्या हनुवटीकडे बघितलं, मग पुडीकडे बघितलं, आणि पुडी माझ्यापुढे केली. मला वाटलं, बाई ऐकू कमी येणारी दिसते.

घरी येऊन मी मागच्या अंगणात बाटली हंड्यातल्या पाण्यात सोडली. एका गडूत काढून, सोवळं सांभाळून. आणि काय सांगू! हीर कावेरीच्या खुणेवर थांबेना. चांगली दोन बोटं वर. त्याच नदीचं पाणी, त्याच सकाळी मीच कमरेवर घागर घेऊन आणलेलं. नदीत गोड आणि घरात खारट!

खरा शास्त्रज्ञ इथं गप्प बसून विचार करतो. मी सरळ सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले.

"सासूबाई, दोष माझ्या हाताचा नाही. हंड्याचा आहे. पितळेतून मीठ उतरतंय. हंडा बदलायला हवा."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "हा हंडा कुठला आहे, ठाऊक आहे?"

"नाही."

"माझ्या माहेरचा. माझ्या लग्नात माझ्या वडिलांनी इथल्या कासारांकडून मुद्दाम घडवून घेतलेला. आणि तू म्हणतेस माझ्या माहेरातून मीठ उतरतंय?"

मी बटाट्याबद्दल सांगायला सुरुवात केली. चूक. फार मोठी चूक.

"ऐक," सासूबाई म्हणाल्या, आणि त्या हळू बोलल्या, म्हणून मला जास्त भीती वाटली. "रुक्मिणीस्वयंवराच्या उत्सवाला आपल्याकडे भजन आहे. दोन गल्ल्यांतले सगळे आपले लोक जेवायला येतील. भाताला, पोळीला आचारी आहेत. सार तू करायचं. तेही खारट झालं, तर पोंगल झाल्यावर तुझ्या वडिलांना बोलावून घेते. वर्षभर माहेरी राहून हात बसव, आणि मग ये."

वर्षभर! म्हणजे सगळ्या जातीत चर्चा, की अमक्याची सून परत पाठवली. आणि मधला बोळ वर्षभर रुंद. 'हे' म्हणाले, "मी उपास धरतो. सार जेवलोच नाही तर खारट कोण म्हणेल?" मी म्हटलं, "उपाशी तुम्ही एकटे राहाल. बाकीच्या दोन गल्ल्यांना कोण उपाशी ठेवणार?"

दुसऱ्या दिवशी मी डोकं थोडं वापरलं. घागरीतलं पाणी अंगणातच मोजलं. कावेरीची खूण, चोख. ते हंड्यात ओतलं आणि लगेच मोजलं. तरीही चोख. म्हणजे सासूबाईंचं माहेर निर्दोष. मग दारात रांगोळी घालायला गेले, आले, पुन्हा मोजलं. दोन बोटं वर! रांगोळी घालेपर्यंत हंड्यात मीठ कुठून आलं?

तेव्हा तिसऱ्या दिवशी मी रांगोळीचं भांडं दारात ठेवलं, दोन ठिपके काढले आणि मागल्या पावली येऊन दाराआड उभी राहिले. केस ओले, दात वाजतायत, मार्गळीची थंडी.

आत आल्या आत्या.

आत्या म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या. आमच्या सोवळ्याचं सरन्यायाधीशपद त्यांच्याकडे. सासूबाई सगळ्या घराला धाकात ठेवत, आणि सासूबाईंना धाकात ठेवत आत्या. कुणाचं वाळलेलं सोवळं कुणाच्या सावलीनं बाटलं हे त्या डोळे मिटून सांगायच्या. या आत्या गुडघ्यावर हात टेकत हंड्यापाशी आल्या, पदराची गाठ सोडली, त्यातून खडे मिठाच्या दोन भल्या मोठ्या मुठी हंड्यात टाकल्या, हात जोडले आणि काहीतरी पुटपुटल्या.

"आत्या!" मी बाहेर उडी मारली. "हे काय?"

आत्या दचकल्या नाहीत. "मीठ."

"पण हंड्यात?"

"मग कुठं, डोळ्यांत घालू? ओरडू नकोस. नवस आहे."

"कुणाचा?"

"तुझा. तुझ्या हनुवटीवरची ती घाण जायला नको का? उत्सवाला सगळ्या बायका नवी सून बघायला यायच्या, आणि सुनेच्या तोंडावर चामखीळ!"

मला आधी नीट ऐकूच आलं नाही असं वाटलं. मग ऐकू आलं ते फार नीट आलं.

"आत्या, तो तीळ आहे."

"तीळ?" आत्यांनी माझी हनुवटी धरून उजेडाकडे फिरवली. "तिळाला केस उगवतो का गं?"

केस होता. माहेरच्या आरशाला पारा कमी, म्हणून सोळा वर्षं दिसला नव्हता. ज्या तिळासाठी मी बोलताना मान मुद्दाम डावीकडे कलती करायची, कुणाशी बोलताना तिथंच बोट टेकवायची, तो तीळ! तळ्यावरची म्हातारी डोळ्यांपुढे आली. ऐकू कमी येणारी ती नव्हती.

"पण नवस तळ्यात फेडायचा असतो ना?" मी म्हटलं. रडू आवरत होते.

"माझे हे गुडघे देवळापर्यंत काय तुझा बाप उचलून नेणार? तळ्यात पाणी, हंड्यातही पाणी, आणि हे तर कावेरीचं, शुद्ध सोवळ्यातलं. देवाला काय, भांडं किती मोठं ते मोजायचं असतं?"

"आणि मिरी?"

"मिरी तू सारात घालतेसच की. देव जोडून घेतो."

आता मला रडू येईना, हसू येईना, दोन्ही एकदम येऊ पाहत होतं. "आत्या, तुमच्या त्या मिठानं माझं सार खारट होतंय! मला माहेरी पाठवताहेत!"

आत्यांनी हंड्यात वाकून पाहिलं. मग माझ्याकडे. "अय्यो!" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुझाच हात जड आहे. मी तर रोज देवाला म्हणत होते, हिची चामखीळही घालव आणि हिचा हातही हलका कर."

आम्ही दोघी हंड्याला धरून हसलो. आवाज होऊ नये म्हणून आत्यांनी स्वतःच्या तोंडात पदर कोंबला, आणि मग सोवळ्याच्या पदराला उष्टं लागलं म्हणून पुन्हा आंघोळीला जावं लागेल हे लक्षात येऊन आणखी हसल्या.

पण पेच सुटला नव्हता. नवस उत्सवाच्या सकाळपर्यंत चालवायचा होता. मध्ये तोडला तर चामखीळ दुप्पट होते म्हणे. आणि सासूबाईंना सांगायचं तर आत्यांची अब्रू गेली. जिनं सगळ्या घराचं सोवळं राखायचं तीच हंड्यात मीठ टाकते! तसं मी सांगणार नव्हतेच. माझ्यासाठी आजवर कुणी इतकं मीठ खर्च केलं नव्हतं.

मग निघाली बाटली. आत्यांनी आधी तिच्याकडे मेलेल्या पालीकडे बघावं तसं बघितलं. तिला कावेरीत तीनदा बुडवून आणायला लावलं, तुळशीचं पान लावलं, मग हंड्यात सोडू दिली. हीर वर आली तसे आत्यांचे डोळे गोल झाले.

"हे मीठ मोजतंय?"

"हो."

"जीभ न लावता?"

"हो ना."

"मग हे आपल्यापेक्षा जास्त सोवळं आहे."

त्या दिवसापासून रोज सकाळी आम्ही दोघी हंड्यात डोकी घालून बसायचो. हीर किती वर आली ते बघून मी सारात तितकं मीठ कमी घालायची. सार सुधारलं. सासरे ताक मागायचे ते थांबले. सासूबाई काही बोलेनात, म्हणजे ही मोठीच गोष्ट. पण आत्यांना नाद लागला. "आज किती वर आली? कालच्यापेक्षा कमी? थांब हं," म्हणून अजून अर्धी मूठ. हीर उंच आली की नातू पहिलं पाऊल टाकतोय असा चेहरा करायच्या. मी म्हणायची, "आत्या, हा पतंग नाही!"

उत्सवाची सकाळ उजाडली. अंगणात आचाऱ्यांच्या चुली पेटलेल्या, ओसरीवर टाळ-मृदंग. मी हंड्यापाशी गेले, बाटली सोडली, आणि ती बुचापर्यंत पाण्याबाहेर आली. हीर सगळी हवेत! साराच्या खुणेच्याही कितीतरी वर!

"आत्या, किती टाकलंत?"

"नवसाची सांगता आहे," आत्या म्हणाल्या, पण आवाज बारीक. "उरलेलं सगळं टाकलं."

एक खडाही न घालता सार करायचं म्हटलं, तरी ते समुद्रच होणार होतं. सार चढवायची वेळ झालेली. मी घागर घेतली. आत्याही दुसरी घागर घेऊन उठल्या. "आत्या, तुमचे गुडघे!" "आज ते पळतील, गप्प बस." आणि आम्ही पळालो. निम्मा हंडा मागच्या केळींच्या आळ्यात ओतला (त्या केळी पुढं वर्षभर रुसल्या), कावेरीवरून ओलेत्यानं घागरी आणून ओतल्या, बाटली सोडली. अजून वर. पुन्हा ओतलं, पुन्हा घाट. घाटावरच्या त्याच बायका ओरडल्या, "काय गं, पाणी नापास झालं का?" मला उत्तर द्यायला दम नव्हता. आत्याच पळता पळता ओरडल्या, "पुरवणी परीक्षा आहे!"

हीर खाली, खाली, अजून जरा... आणि साराच्या खुणेवर येऊन थांबली. अगदी नखाच्या रेघेवर. आम्ही श्वास रोखून बघत होतो, दोघींची डोकी हंड्यात, लुगड्यांतून पाणी ठिबकतंय.

"काय चाललंय इथं?"

दारात सासूबाई. हंड्यात त्यांच्या लेकाच्या केसांच्या तेलाची बाटली तरंगते आहे. मी गार पडले. आधीच ओली होते ते निराळं.

आत्या सावकाश उभ्या राहिल्या. कमरेवर हात. "माझा नवस आहे. बाटलीचा. तुला काही विचारायचंय?"

सासूबाईंना खूप काही विचारायचं होतं. पण समोर आत्या होत्या. "नाही, वन्सं," त्या म्हणाल्या, आणि फुलं बघायला गेल्या.

त्या पाण्यात मी तूरडाळीचं वरण, चिंचेचा कोळ, मिरी-जिऱ्याची पूड, हळद, गूळ असं सगळं घातलं. मीठ मात्र एक कणही नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मिठाची वाटी न उघडता सार केलं; हात सवयीनं दोन वेळा वाटीकडे गेला आणि दोन्ही वेळा आत्यांनी त्यावर चापट मारली.

नैवेद्य झाला. पंगत बसली. साक्कोट्टैहून आलेले एक म्हातारे गृहस्थ, सासूबाईंच्या माहेरचे, भाताचं आळं करून बसलेले. मी सार वाढलं. त्यांनी भुरकलं. डोळे मिटले. माझं काळीज बाटलीसारखं वर आलं.

"वाढ," ते म्हणाले.

मग दुसरं पान म्हणालं वाढ, मग तिसरं. पंगतीच्या टोकाला 'हे' पानात मान घालून बसलेले, कान लाल. त्यांना मी सगळ्यांपेक्षा जास्त वाढलं आणि ते "पुरे" म्हणायचं मुद्दाम विसरले.

बायकांची पंगत बसली तेव्हा सासूबाई जेवल्या. सगळं सार संपवलं, हातावरचंही. मग पाहुण्यांना म्हणाल्या, "आमच्या हंड्यातलं पाणीच तसं आहे. माझ्या माहेरचा हंडा." आणि माझ्याकडे न बघता, "तुझ्या वडिलांना कळव, पोंगलला यायचं तर जेवायला या. तुला न्यायला नको."

आत्यांनी पलीकडून डोळा मारला. सत्तरीच्या जवळ आलेल्या सोवळ्या विधवेनं मारलेला डोळा मी त्याआधीही पाहिला नव्हता आणि त्यानंतरही नाही.

बाटली पुढं देवघराच्या कोनाड्यात गेली. आत्या तिला रोज गंध-तुळस वाहायच्या आणि सासूबाई, विचारायचं नाही म्हणून, तिला नमस्कार करायच्या.

चामखीळ गेली का? आत्या जाईपर्यंत म्हणत होत्या, "लहान झालीय हं." मीही "हो, झालीय" म्हणायची. आजही ती आहे तिथंच आहे, मोहरीएवढी. नातवंडं मांडीवर बसून तिच्यावर बोट ठेवतात आणि विचारतात, "आजी, हे काय?"

मी मान जरा डावीकडे कलती करते. "तीळ," म्हणते.

केस मी रोज सकाळी उपटते.